उलटी तुरपाई

“अजून मोठं कर,” मास्तर म्हणाले.

बायकोने माऊसचं चाक पुढे फिरवलं. पडद्यावरचा झगा फुगत गेला. आधी बाह्या चौकटीबाहेर गेल्या, मग कंबर, मग घेर, आणि शेवटी उरली ती फक्त खालची दुमड, आतल्या बाजूने. एकेक टाका बोटाएवढा दिसत होता. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि खुर्ची टेबलापर्यंत ओढली.

टाके भलत्या बाजूला झुकले होते.

“पुढे चल,” ते म्हणाले.

“पुढे कशी चालू? याचे गुण भरायचेत अजून.”

“मग थांब.”

“चालू की थांबू ते एकदा ठरवा. माझा हात अवघडलाय.”

मास्तर टाक्यांकडेच बघत राहिले. बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती विमा कचेरीत आयुष्यभर टंकलेखन करून निवृत्त झालेली बाई. साहेब काय सांगतात यापेक्षा काय सांगायचं टाळतात, हे तिला लवकर कळायचं. तिने माऊस सोडला आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागली.

नाटकांच्या पोशाखांसाठी दिला जाणारा हा पुरस्कार त्या धंद्यात सर्वांत मोठा. यंदा मास्तरांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. आलेलं पत्र फार गोड होतं. ‘आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ’ वगैरे सगळं त्यात होतं, आणि शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, परीक्षकांना स्वतःचं काम स्पर्धेत पाठवता येणार नाही, अशी अट होती. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. माणसाला मान द्यायचा आणि रांगेतून बाहेर काढायचं, ही दोन्ही कामं एका पत्रात उरकलेली पाहून त्यांना पत्र लिहिणाऱ्याच्या बेतण्याचं कौतुकच वाटलं. एवढ्याशा कापडात एवढं बसवणं सोपं नसतं.

सगळं काम संगणकावर होतं. अर्ज उघडला की पोशाखाची छायाचित्रं यायची. एक छायाचित्र आतल्या बाजूचं असलंच पाहिजे, असा नियम होता, आणि मास्तरांना सगळ्या नियमांत तेवढाच पटला होता. बाहेरून सगळेच सजतात. कर्त्याचं नाव मात्र झाकलेलं असायचं. त्या जागी नुसता अर्जाचा क्रमांक. आणि गुणांचे रकाने उघडण्याआधी प्रत्येक वेळी एक प्रश्न यायचा: ‘या कामाच्या कर्त्याला आपण ओळखता का?’ ‘हो’ म्हटलं की तो अर्ज मुकाट्याने दुसऱ्या परीक्षकाकडे जायचा. ‘नाही’ म्हटलं की रकाने उघडायचे.

बायको दर वेळी तो प्रश्न मोठ्याने वाचायची, बँकेच्या खिडकीवरच्या बाईसारखा. आताही तिने वाचला.

“या कामाच्या कर्त्याला आपण ओळखता का?”

मास्तरांनी टेबलावरचं अंगुस्तान उचललं. निवृत्त झाल्यापासून शिवण फारशी उरली नव्हती, पण अंगुस्तान हाताशी लागायचं. त्यांनी ते डाव्या हाताच्या बोटात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

“नाही,” ते म्हणाले.

आता यातली गोष्ट अशी होती. मास्तर डावखुरे. तुरपाई घालताना त्यांची सुई सगळ्या जगाच्या उलट दिशेने चालायची, आणि त्यामुळे टाके सगळ्या जगाच्या उलट झुकायचे. याने पोशाखाला काही होत नाही. बाहेरून दिसतही नाही. पण त्यांच्या शिवणाच्या कारखान्यातलं टेबल भिंतीला लागून होतं, लांबच्या लांब, आणि शिकायला येणाऱ्याला मास्तरांच्या शेजारीच बसावं लागायचं. मास्तर समजावून सांगणाऱ्यांतले नव्हते. बघा आणि करा. शेजारी बसून जसंच्या तसं बघणाऱ्या उजव्या हाताच्या माणसालाही मग उलटा टाका यायचा. आले ते बहुतेक लवकरच पळाले. हात बसेपर्यंत टिकली ती एकटी टाचणी.

टाचणी हे तिचं नाव कारखान्यातलं. अंगाने तशी, बोलायलाही तशी, आणि तोंडात कायम टाचण्या धरून बोलायची सवय. ती मास्तरांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसली आणि एके दिवशी उठली ती दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचा कारखाना काढायलाच. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, धरून बसायला काहीतरी मिळालं असतं.

तिचं नाव झालं तेव्हा मास्तरांनी बसचा थांबा बदलला, कारण जुन्या थांब्यावरून तिची पाटी दिसायची. नाटकाला गेले की ते पहिल्या अंकात गोष्ट बघायचे नाहीत, बाह्यांची बसवण बघायचे. एखादी बाही ओढलेली दिसली की त्यांना रात्री चांगली झोप लागायची. टाचणीचं काम असलं की बाह्या ओढलेल्या नसायच्या. त्या रात्री घरात कुशी बदलण्याचे आवाज व्हायचे, आणि बायको भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “सुंदर होते ना हो कपडे?”

एका मुलाखतीत टाचणीला विचारलं होतं, कुणाकडे शिकलात? ती म्हणाली होती, “बघत बघत शिकले.” बस्स. मास्तरांनी ते कात्रण ठेवलेलं नव्हतं, कारण ठेवायची गरज नव्हती. वाक्य पाठ होतं. कुणाला बघत, हे त्यात नव्हतं.

आणि आता ही उलटी तुरपाई पडद्यावर. नाव झाकलं म्हणजे हात थोडाच झाकला जातो?

“कल्पना?” बायकोने पहिला रकाना वाचला.

“सात.”

ती चमकली. “बरे दिलेत.”

“कल्पनेला देतोय. कल्पना बरी आहे.” झगा खरंच चांगला होता. वेड लागलेल्या गायिकेचा होता तो. अर्धा घेर जड कापडाचा, अर्धा हलका, म्हणजे ती वळली की घेर तिच्यामागून उशिरा वळणार. मास्तरांना ते पहिल्या नजरेत कळलं होतं, आणि कळल्याबद्दल राग आला होता.

“पात्राला शोभणं?”

“सहा.”

“टिकाऊपणा?”

“पाच. त्या जड बाजूची शिवण दहा प्रयोगांत उसवायला लागेल.” शिवण उसवणार नव्हती. आतून पट्टी लावलेली छायाचित्रात स्पष्ट दिसत होती.

“कारागिरी?”

मास्तरांनी अंगुस्तान टेबलावर टेकवलं. टक् असा आवाज झाला.

“दोन.”

बायकोने आकडा भरला नाही. “दहापैकी दोन?”

“दहापैकीच. शंभरपैकी कुठे म्हणतोय?”

“पुसल्यासारखी स्वच्छ तुरपाई आहे. मला कळत नाही त्यातलं, पण मला दिसतं.”

“तुला कळत नाही म्हणतेस ना? मग भर.”

तिने दोन भरला. खाली शेऱ्याची चौकट होती, आणि या चौकटीने आदल्या दिवशी घरात बरीच करमणूक केली होती. मास्तरांना आयुष्यात एकच शेरा माहीत होता: ‘चालेल’. कापड हातात घ्यायचे, उलटं करायचे, अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, चालेल. टाचणीनेही कारखान्यात याहून वरचा शब्द ऐकला नव्हता, कारण तो नव्हताच. पण सॉफ्टवेअरला हे कुठे ठाऊक? काल एका ओव्हरकोटाला मास्तरांनी सढळ हाताने गुण दिले आणि शेरा सांगितला, “चालेल.” पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटलं: शेरा फार लहान आहे.

“फार लहान म्हणजे?” मास्तर चिडले होते. “काय मोजपट्टी लावून बसलंय का हे?”

“अजून दोन वाक्यं तरी सांगा म्हणतंय.”

“चांगलं आहे एवढं कळलं ना त्याला?”

“त्याला काहीच कळत नाही. त्याला अक्षरं मोजता येतात.”

शेवटी मास्तरांनी डोळे मिटले होते, तो कोट आठवला होता आणि एकेक शब्द दातातून काढल्यासारखा काढला होता. एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा कोट होता तो. उजवा खिसा डाव्यापेक्षा लोंबलेला, कारण त्यात हात ठेवून माणूस उभा राहणार. अस्तर आतून तीन वेगळ्या दोऱ्यांनी शिवलेलं, जणू पहारेकऱ्यानेच वेळोवेळी, मिळेल त्या दोऱ्याने दुरुस्त केलंय. पण खालची तुरपाई मात्र सरळ, नेकीची, सगळ्या जगासारखी झुकलेली. “चालेल,” मास्तर म्हणाले होते. “हा कोट माणसाच्या आधीपासून रंगमंचावर उभा आहे. शिवणाऱ्याने स्वतःला लपवलंय. मला हे जमलं नसतं.” शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्यांनी बायकोकडे संशयाने पाहिलं होतं. पण तिचा हात आयुष्यभराच्या सवयीने चालत होता, शब्द टंकून झाला होता.

या झग्याच्या वेळी चौकट भरायला त्रास पडला नाही.

“लिही,” मास्तर म्हणाले. “हात उसना आहे. दुसऱ्याचं बघून घेतलेला टाका आहे. स्वतःचं असं यात काही नाही. पुढे लिही, असला हात दुसऱ्याच्या जिवावर फार दिवस चालत नाही.”

चौकटीने हू की चू केलं नाही. वाक्यं पुरून उरली.

बायकोची बोटं क्षणभर कळफलकावर थांबली. “उसना हात,” ती म्हणाली. “हा तुमचा जुना शब्द.”

“असेल.”

“तिला म्हणायचात. ती आधीआधी यायची तेव्हा. जेवायला बसली की मला सांगायची, काकू, आज पुन्हा माझा हात उसना निघाला.”

“टंकून झालं का?”

“झालं.”

“मग त्या कोटाकडे चल एकदा. कारागिरीला नऊ दिलेत ना? दहा कर.”

बायकोने वळून पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. “कालच्यापेक्षा आज चांगला झाला का तो कोट?” तिने विचारलं.

“दहा कर म्हटलं ना.”

तिने दहा केले. मग ‘अंतिम सादर करा’ हे बटण आलं. ‘यानंतर बदल करता येणार नाही’ असं त्याखाली लिहिलं होतं. हेही तिने मोठ्याने वाचलं, जरा सावकाश. मास्तरांनी मान हलवली. त्या दुपारी ते कितीतरी दिवसांनी जुन्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि पाटीकडे बघून परत आले.

निकालाच्या दिवशी सॉफ्टवेअर नावं उघडतं, हे त्यांना पत्रातून ठाऊक होतं. बायकोने पान उघडलं तेव्हा ते मुद्दाम स्वयंपाकघरात पाणी पीत उभे राहिले.

“कोटाला मिळालंय,” ती तिथूनच म्हणाली.

“मिळायलाच हवं होतं.”

“अहो, इकडे या जरा.”

पहारेकऱ्याच्या कोटासमोर टाचणीचं नाव होतं. तिचं खरं नाव, पाटीवर असतं ते. मास्तरांनी ते एकदा वाचलं, मग क्रमांक वाचला, मग पुन्हा नाव. “चुकलंय हे,” ते म्हणाले. “यांनी क्रमांक उलटसुलट केलेत. झगा तिचा आहे.”

“झग्याला दुसरंच नाव आहे. कुणी बाई आहे. अंतिम यादीत बसली नाही, थोडक्यात राहिली.” बायकोने पान खाली सरकवलं. “कारागिरीत मार खाल्लाय.”

मास्तरांनी कोटाची दुमड मोठी करून घेतली. टाके सरळ झुकले होते. त्यांनी नाक पडद्याला लावलं तरी ते सरळच झुकले होते. टाचणीने त्यांचा हात टाकून दिला होता, आणि तो टाकल्यावर तिला इतकं चांगलं काम जमलं होतं, आणि त्याला त्यांनी स्वतःच दहापैकी दहा दिले होते. मत्सराला एवढा मोठा घास एकदम मिळाला की तो गिळता येत नाही.

दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. दारात टाचणी होती. केस पिकले होते, बाकी तशीच बारीक. हातात बिस्किटांचा पुडा.

“आत येऊ का काकू? का अजून थांबा बदललेलाच आहे?”

बायको हसली आणि बाजूला झाली. मास्तर उठले, बसावं की उभं राहावं हे न ठरल्यामुळे खुर्चीच्या पाठीला धरून राहिले.

“अभिनंदन,” ते म्हणाले.

“तुमचंच देणं आहे.” टाचणीने पिशवीतून एक छापलेला कागद काढून टेबलावर ठेवला. “परीक्षकांचे शेरे पाठवतात आपल्याला. नाव नसतं. पण हा बघा, सुरुवातच ‘चालेल’ने आहे. मी पहिला शब्द वाचला आणि खाली बसले. पुढचं काकूंनी लिहायला लावलं असणार.”

“मी नाही, मशीनने,” बायको म्हणाली. “चालेल एवढ्यावर ते ऐकेना.”

“आयुष्यभर मला कारखान्यात एक असं मशीन हवं होतं बघा.” टाचणी हसली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “मुद्दाम केलं मी मास्तर. परीक्षकांत तुमचं नाव जाहीर झालं तेव्हा कोट तयार होता. दुमड उसवली आणि सरळ टाक्यांनी पुन्हा घातली. हात वळता वळत नव्हता. माझा नेहमीचा टाका बघितला असता तर तुम्ही लगेच ‘ओळखतो’ म्हणून बाजूला झाला असता. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? आणि मग माझं काम भलत्याच कुणाकडे गेलं असतं. मला एकदा तुमच्याकडूनच ऐकायचं होतं.”

मास्तर खुर्चीत बसले. बायको कपबशा मांडत होती. एक कप बशीवर जरा जोरात ठेवला गेला.

“मुलाखतीत तर म्हणालीस, बघत बघत शिकले,” मास्तर म्हणाले. आवाज त्यांना हवा तसा लागला नाही.

“मग काय चुकीचं म्हणाले? तुम्ही कधी बोललात का? बघतच होते ना मी. डोळे फुटेपर्यंत.”

चहा आला. टाचणीने दोन घोट घेतले. बिस्किट उचलून पुन्हा ठेवलं.

“झगा तुमच्याकडे आला होता का?” तिने विचारलं. “गायिकेचा. अर्धा जड, अर्धा हलका.”

मास्तर कपाकडे बघत राहिले.

“माझ्याकडची आहे ती. सिस्टर म्हणतो आम्ही तिला. इस्पितळात नर्स होती, नोकरी सोडून या वयात शिकायला आली. म्हणते, आधी माणसं शिवायचे, ती निदान ओरडायची तरी, कापड तेवढंही सांगत नाही.” टाचणी स्वतःशीच हसली. “तिला मी शेजारी बसवलं, तुमच्यासारखंच. मलाही बोलून शिकवता येत नाही. तुमचा टाका तिला जसाच्या तसा आला, माझ्यापेक्षाही स्वच्छ. मी म्हटलं, दुमड तुझीही बदलूया का? तर म्हणाली, नको, असू दे. ज्यांचा आहे त्यांना दिसू दे. दिसला आणि बाजूला झाले तरी हरकत नाही, पण एकदा दिसू दे.”

“वय किती तिचं?” बायकोने विचारलं.

“यंदा यादीत बसली असती तर बसली असती, काकू. नाट्यगृहात वर्षभराचं काम मिळतं ना अंतिम यादीतल्यांना. पुढच्या वर्षी त्या कामाला तिच्या वयाची अट आडवी येते.”

मास्तरांनी अंगुस्तान उचललं, बोटात घातलं नाही, मुठीत धरलं. मग ते उठले. भिंतीशी एक स्टूल होतं, त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो त्यांनी खाली ठेवला, स्टूल ओढत आणलं आणि आपल्या खुर्चीच्या शेजारी मांडलं. जरा बघितलं. पुन्हा उचललं आणि खुर्चीच्या समोर, बरोब्बर तोंडासमोर मांडलं.

“शेजारी बसलं की उलटं येतं,” ते म्हणाले. “समोर बसलं की आरशासारखं सरळ येतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. तिला पाठव उद्यापासून.”

टाचणीने स्टुलाकडे पाहिलं. “काय सांगू? कुणी बोलावलंय?”

बायकोने कपबशा उचलायचं थांबवलं होतं.

“सांग,” ते म्हणाले, “उसना हात ज्याने लिहिलं, त्याने.”

टाचणी उठली. पुड्यातली उरलेली बिस्किटं तिने नीट दुमडून बंद केली, कागदाला घडी घालावी तशी, आणि पिशवी खांद्याला लावली.

“ते तिला माहीत आहे, मास्तर,” ती म्हणाली. “शेरा तिने मला वाचून दाखवला तेव्हा मीच सांगितलं. असं म्हणणारा माणूस आपल्या धंद्यात एकच आहे. तेव्हापासून तिने सुई हातात घेतलेली नाही.”

ती दाराशी चपला घालायला वाकली. मास्तर स्टुलाजवळच उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी ते पुन्हा उचललं, आणि काखेत धरून टाचणीच्या मागोमाग जिना उतरू लागले.